श्वास मोजून निवडलेले औषध

१/ खोकणाऱ्या मुलाला प्रतिजैविक द्यावे की नाही, आणि द्यायचे तर कोणते? हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा वाटतो. परंतु त्याचे आजचे उत्तर इंग्लंडमधील रुग्णालय, पापुआ न्यू गिनीचा डोंगराळ प्रदेश आणि गडचिरोलीची खेडी यांतून घडत आले. ते घडवणाऱ्यांत लिहितावाचता न येणाऱ्या सुईणीही होत्या.

२/ १९३८ पूर्वी न्यूमोनियाच्या रुग्णाला सर्वत्र देता येईल असे खात्रीचे औषध नव्हते. त्या वर्षी 'मे अँड बेकर' कंपनीचे सल्फापिरिडिन, म्हणजेच 'एम अँड बी ६९३', पुढे आले. बर्मिंगहॅममध्ये इव्हान्स आणि गेसफर्ड यांनी प्रत्येकी १०० रुग्णांच्या दोन गटांची तुलना केली. औषधाविना २७ रुग्ण दगावले, औषध घेणाऱ्यांपैकी ८.

३/ पाठोपाठ पेनिसिलिन आले. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी इशारा दिला की, अपुऱ्या मात्रेमुळे जंतू या औषधाला दाद देईनासे होतील. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात पेनिसिलिनला सहज न बधणारा न्यूमोकोकस आढळला. पुढे पापुआ न्यू गिनीतही तसे जंतू सापडले.

४/ लहान मुलांच्या बाबतीत खरी अडचण औषधाच्याही आधी सुरू होते. लहान मूल थुंकी काढून देत नाही, म्हणून जंतू ओळखणे कठीण. खेड्यात क्ष-किरण यंत्र नाही. शिवाय बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग होत नाही. सर्वांना औषध दिले तर ते बोथट होणार; कोणालाच दिले नाही तर न्यूमोनियाची मुले मरणार.

५/ हा पेच सोडवण्यास पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथील काम उपयोगी पडले. तेथे डॉ. फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या फुफ्फुसांतील द्रव तपासला. दोन जंतू प्रामुख्याने आढळले : न्यूमोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी. कोणत्या मुलाला प्रतिजैविक द्यावे आणि कोणाला रुग्णालयात न्यावे, याचे निकष शान यांनी १९८४ मध्ये मांडले. त्यांचा आधार होता श्वासाची गती आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे.

६/ याच विचारातून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सिद्ध झाला. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक, म्हणजे श्वास जलद. खोकला आहे पण श्वास जलद नाही, तर प्रतिजैविक नाही.

७/ मग औषध कोणते? पेनिसिलिनची सुई टोचायला प्रशिक्षित हात हवेत. कोट्रायमॉक्झाझोल तोंडाने देता येई, दिवसातून दोनदा पुरे, अत्यंत स्वस्त आणि त्या काळी दोन्ही जंतूंवर लागू पडणारे. निवड केवळ प्रयोगशाळेने केली नाही. औषध गावापर्यंत पोहोचते का, हेही त्या निवडीत मोजले गेले.

८/ गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ही कसोटी गावात लावली. ५८ गावांतील ६,१७६ मुलांसाठी निमवैद्यकीय कर्मचारी, ग्रामीण आरोग्यसेवक आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्झाझोल देण्यास शिकवले. तुलनेसाठी ४४ गावांतील ३,९४७ मुले होती.

९/ निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर उपचाराच्या गावांत ८.१. या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या रुग्णांपैकी ०.८ टक्के दगावले. तुलनेच्या भागात हे प्रमाण १३.५ टक्के होते. वाचलेल्या एका मुलामागे औषधाचा खर्च तीन डॉलरहून कमी.

१०/ पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीने काय करावे? त्यासाठी मण्यांच्या दोन ओळी आणि एका मिनिटाची वाळूची घटिका असलेले श्वासमापक तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळासाठी सहा मण्यांची ओळ, मोठ्या बाळासाठी पाच मण्यांची. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया.

११/ पदवी नसलेल्या हातांत प्रतिजैविक देणे धोक्याचे नव्हते का? धोका होताच. पण मण्यांचा नियम औषध द्यायला जितका सांगतो, तितकाच न द्यायलाही सांगतो. मणी उरले, तर बाटली उघडायची नाही.

१२/ कोट्रायमॉक्झाझोलची सद्दीही कायम राहिली नाही. जंतूंचा प्रतिरोध वाढला. पाकिस्तानातील १९९८ च्या अभ्यासात तीव्र न्यूमोनियात ते अमोक्सिसिलिनपेक्षा अधिक वेळा अपयशी ठरले. २००४ मध्ये भारतात २,१८८ मुलांवर झालेल्या चाचणीत, सौम्य न्यूमोनियासाठी तीन दिवसांचे अमोक्सिसिलिन पाच दिवसांइतकेच परिणामकारक दिसले. २०१४ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेने तोंडावाटे अमोक्सिसिलिनला पहिली पसंती दिली. अत्यवस्थ मुलांसाठी मात्र रुग्णालय आणि इंजेक्शने.

१३/ २०१७ मध्ये याच संघटनेने प्रतिजैविकांची 'अ‍ॅक्सेस', 'वॉच' आणि 'रिझर्व्ह' अशी वर्गवारी केली. अमोक्सिसिलिन पहिल्या गटात. अ‍ॅझिथ्रोमायसिन दुसऱ्यात, म्हणजे जपून वापरायच्या औषधांत. २०१९ च्या 'पर्च' या बहुराष्ट्रीय अभ्यासात तर रुग्णालयात दाखल झालेल्या, क्ष-किरणांत न्यूमोनिया दिसलेल्या मुलांतही सुमारे ६१ टक्के आजारांमागे विषाणू असल्याचा अंदाज निघाला.

१४/ म्हणूनच श्वास मोजण्याची कसोटी निर्दोष नाही. जलद श्वासाच्या प्रत्येक मुलाला जंतुसंसर्ग असतोच असे नाही. तरीही प्रयोगशाळेपासून दूरच्या घरात ती आजही वापरली जाते. मूल शांत असावे, छाती उघडी असावी आणि मोजणी पूर्ण एक मिनिट व्हावी, एवढीच तिची अट आहे. औषधाचे नाव दोनतीनदा बदलले. ते एक मिनिट बदलले नाही.