मुलांमधील रक्तस्राव व काळेनिळे डाग
चालत्या-फिरत्या मुलाच्या नडगीवर वा गुडघ्यावर काळेनिळे डाग दिसणे स्वाभाविक होय. रांगूही न लागलेल्या बाळाच्या अंगावर, किंवा कोणत्याही लहान मुलाच्या कानामानेवर दिसणारे डाग मात्र रक्त न गोठण्याच्या विकाराचे अथवा मारहाणीचे असू शकतात. निदान चुकल्यास बाळ धोक्यात राहते किंवा आईवडिलांवर नाहक आळ येतो. रक्तबिंबिकांची (प्लेटलेट) संख्या, पीटी व एपीटीटी या प्राथमिक चाचण्या होत. हिमोफिलियात यांपैकी केवळ एपीटीटीचा कालावधी वाढतो; वॉन विलेब्रँड विकारात तिन्ही सामान्य असू शकतात. त्यामुळे नाकातून वारंवार रक्त येते का, मामाला असा त्रास होता का, हे विचारणे चाचणीइतकेच मोलाचे ठरते. अनेक भारतीय बाळांच्या कमरेखाली जन्मतः असणारे निळसर डाग मुक्या माराचे नव्हेत. त्यांचा रंग दिवसागणिक बदलत नाही आणि बहुधा काही वर्षांत ते आपोआप फिकट होतात.