सात वर्षे कशी मोजायची? : ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडचा खटला

पदवी हातात पडली की तुमच्यापैकी अनेकांसमोर नोकरीचा करार येईल. त्यातला पगाराचा आकडा आपण आधी पाहतो. मुदत कशी मोजणार, हे वाचायचे राहून जाते. अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा खटला नेमका याच प्रश्नावर लढला गेला.

पार्श्वभूमी

१९३० च्या दशकात हॉलिवूडमधील कलाकार मोठ्या स्टुडिओंचे पगारी नोकर असत. करार कमाल सात वर्षांचा. दरवर्षी तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे मात्र फक्त स्टुडिओ ठरवी. दिलेली भूमिका नाकारली की निलंबन. त्या काळात पगार बंद, आणि तितके आठवडे कराराच्या शेवटी जोडले जात. म्हणजे 'नाही' म्हणणाऱ्या कलाकाराची सात वर्षे कधीच संपणार नाहीत, अशी सोय होती. १९३६ मध्ये बेटी डेव्हिसने इंग्लंडमध्ये जाऊन वॉर्नर ब्रदर्सच्या करारातून सुटण्याचा प्रयत्न केला. तिथल्या न्यायालयात ती हरली आणि तिला परतावे लागले.

खटला

ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड (१९१६–२०२०) हीसुद्धा वॉर्नरचीच अभिनेत्री. तिच्या वाट्याला बहुतेक नायकाच्या प्रेयसीच्या भूमिका येत. ज्या भूमिकांसाठी तिला ऑस्करची नामांकने मिळाली, त्या 'गॉन विथ द विंड' (१९३९) आणि 'होल्ड बॅक द डॉन' (१९४१) या चित्रपटांतल्या. आणि हे दोन्ही इतर निर्मात्यांचे होते, वॉर्नरने तिला तिथे उसनी दिली होती. तिचा करार मे १९३६ मध्ये सुरू झाला. मे १९४३ मध्ये सात वर्षे भरली, तेव्हा निलंबनाचे सुमारे सहा महिने अजून बाकी असल्याचे स्टुडिओने सांगितले. ऑगस्टमध्ये ती न्यायालयात गेली.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांपलीकडे सक्तीने लादता येत नव्हता. सात वर्षे म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षे, असे वॉर्नरचे म्हणणे. डिसेंबर १९४४ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळले : वर्षे कॅलेंडरची धरायची, आणि हे संरक्षण कामगाराने करारात लिहून दिले तरी सोडता येत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९४५ मध्ये फेरविचारास नकार दिला.

किंमत आणि फळ

खटला चालू असताना वॉर्नरने इतर स्टुडिओंना पत्रे पाठवून तिला काम देऊ नये असे बजावले. ऐन उमेदीची जवळपास दोन वर्षे तिच्या हाती चित्रपट नव्हता. पुढे मात्र स्वतः निवडलेल्या भूमिकांनी तिला 'टू ईच हिज ओन' (१९४६) आणि 'द एअरेस' (१९४९) साठी दोन ऑस्कर मिळवून दिले.

स्टुडिओंची सत्ता या एकाच निकालाने ढासळली, असे मात्र लिहू नका. १९४८ च्या पॅरामाउंट निकालाने बड्या कंपन्यांना चित्रपटगृहांच्या मालकीवर पाणी सोडावे लागले, आणि त्यानंतर दूरचित्रवाणीने प्रेक्षक ओढून नेला. डी हॅव्हिलंडच्या विजयाचे महत्त्व वेगळे आहे : संप नाही, नवा कायदा नाही; असलेल्या कायद्यातील एका शब्दाचा अर्थ तिने पक्का करून घेतला. आजही तो नियम तिच्याच नावाने ओळखला जातो.

विचारासाठी प्रश्न : दोन्ही बाजूंनी स्वेच्छेने सही केलेल्या करारातही कायद्याने हस्तक्षेप का करावा?