दंड भरावा की लढवावा? हरकी-गुन्हेगारीपासून ई-चलानापर्यंत

१. आजचा धागा घरातल्याच एका प्रसंगातून सुचला. गेल्या महिन्यात कट्ट्याच्या बाजारपेठेत बाबांच्या मोबाइलवर ई-चलानाचा संदेश आला: हेल्मेट नाही, दंड ५०० रुपये. ठिकाण दूरच्या एका शहरातले, जिथे बाबांची मोटारसायकल कधी गेलेलीच नाही. छायाचित्रात तर चक्क स्कूटर! क्रमांकातला एखादा अंक चुकीचा वाचला गेला असावा. शेजारचे काका बाबांना म्हणाले, "पाचशेच रुपये आसत, भरून टाक आणि मोकळो हो."

२. काकांचा हिशेब सरळ होता. दाद मागायची तर कागद, फेऱ्या आणि वेळ यांतच पाचशेहून अधिक खर्च. हा हिशेब मात्र ई-चलानाहून कितीतरी जुना आहे.

३. मराठेशाहीत वाद गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे जाई. निवाडा मान्य करू, असा राजीनामा दोन्ही पक्षांना आधी लिहून द्यावा लागे आणि जामीनही द्यावा लागे. राजीनामा या शब्दाचा तेव्हाचा अर्थ आजच्याहून निराळा, हे लक्षात ठेवावे. निकालानंतर हरणारा येजितखत, म्हणजे पराभवाची लेखी कबुली देई.

४. पुढचा भाग महत्त्वाचा. हरणाऱ्याने सरकारात भरायच्या रकमेला 'गुन्हेगारी' म्हणत. पण जिंकणाऱ्यालाही रक्कम भरावी लागे, ती 'हरकी'. म्हणजे बाजू खरी ठरली तरी न्याय फुकट नव्हता. वाद उभा करण्यापूर्वी माणूस दहा वेळा विचार करीत असेल, तर नवल नाही.

५. १८१२ मध्ये करवीरकरांकडून मालवण आणि सिंधुदुर्ग इंग्रजांकडे गेले, पेशवाई बुडण्याच्या सहा वर्षे आधी. पुढे १८२७ मध्ये मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनची कायदेसंहिता आली. हरकी मागे पडली. तिच्या जागी स्टॅम्प, वकिलाची फी आणि तारखा आल्या. दाद मागण्याची किंमत उरलीच, फक्त तिची नावे बदलली.

६. तरीही काहींनी ती किंमत मोजली. १९१६ च्या मे-जूनमध्ये टिळकांनी बेळगाव व अहमदनगर येथे स्वराज्यावर भाषणे केली. त्यावरून सरकारने त्यांच्याकडे वर्षभराच्या सद्वर्तनाची हमी मागितली: २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० चे दोन जामीनदार. ही नोटीस आली ती त्यांच्या साठाव्या वाढदिवशी.

७. निमूटपणे हमी देणे म्हणजे ती भाषणे राजद्रोही होती, हे मान्य करणे. टिळकांनी प्रकरण लढवले. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे ते हरले. मुंबई उच्च न्यायालयात मात्र ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. टिळकांचे वकील होते महंमद अली जिना. प्रश्न पैशाचा नव्हता. पैशाबरोबर जाणाऱ्या कबुलीचा होता.

८. आता गाड्यांकडे वळू. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने किरकोळ गुन्ह्यांसाठी एक सोय केली: न्यायालयात न जाता पत्राने गुन्हा कबूल करावा, रक्कम पाठवावी, प्रकरण संपले. १९८८ च्या कायद्यात ती कलम २०८ मध्ये कायम आहे. कलम २०० नुसार तर अधिकृत अधिकाऱ्याकडे रक्कम भरून खटल्याविनाच प्रकरण मिटवता येते. कायद्याच्या भाषेत ही 'तडजोड'. आपण ज्याला दंड भरणे म्हणतो, ते बहुतेक वेळा हेच असते.

९. ही सोय वाईट नव्हे. सिग्नल खरोखर तोडला असेल, तर तडजोड हाच शहाणपणा. न्यायालयाचा आणि आपलाही वेळ वाचतो. मात्र तडजोडीने प्रकरण मिटते, तशी 'ती गाडी आमची नव्हती' हे सांगण्याची जागाही मिटते. हरकीच्या काळात लढणे महाग होते. आज न लढणे स्वस्त केले आहे. परिणाम बराचसा सारखाच: चूक नसलेला माणूसही पैसे देऊन मोकळा होतो आणि यंत्रणेची चूक कोठेच नोंदली जात नाही.

१०. म्हणून रकमेआधी तीन प्रश्न विचारावेत. कृत्य आपले आहे का? पुरावा काय सांगतो? आणि भरून आपण नेमके काय मान्य करतो? छायाचित्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येते, तक्रारही तिथेच नोंदवता येते. तीही फेटाळली गेली, तर न्यायालयाचा मार्ग उरतोच.

११. आम्ही पैसे भरले नाहीत. नोंदणीपत्र आणि मोटारसायकलचे छायाचित्र जोडून तक्रार केली. उत्तर अजून आलेले नाही. काका रोज विचारतात, "काय झाला रे तुझ्या पाचशेचा?" बाबा हसून म्हणतात, "पाचशे नाय रे, येजितखत. हरलो नाय, तर लिहून कित्या देव?"