बंद पापण्यांच्या गाड्या आणि पंक्चर काढणारे हात

लहान मुलाला मोटारगाडीचं चित्र काढायला सांगा. चाकं काढून झाली की ते पुढे दोन गोल दिवे काढतंच. ते दिवे म्हणजे गाडीचे डोळे. पण अमेरिकेत जवळजवळ सत्तर वर्षं असा एक शौक चालला की हे डोळे दिवसा दिसताच कामा नयेत. अंधार पडला की झाकण उघडावं, दिवा बाहेर यावा आणि काम झालं की पुन्हा आत जावा. या शौकाचा इतिहास मजेशीर आहे. आपल्या मुंबईशी त्याचा संबंध आडवळणाने येतो आणि आपल्या समाजाला रोज ऐकाव्या लागणाऱ्या एका टोमण्याशीही येतो. म्हणून तो इथे सांगतो.

सुरुवात १९३५ची. त्या वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात कॉर्ड ८१० ही गाडी लोकांसमोर आली. गॉर्डन ब्यूरिग या आरेखकाने तिचे दिवे पुढच्या फुगीर मडगार्डच्या पोटात लपवले होते. ही कल्पना विमानातून आली होती. मालक एरेट लॉबन कॉर्ड यांच्या उद्योगसमूहात स्टिन्सन ही विमान कंपनीही होती. विमान उतरवताना पंखातून बाहेर येणारे तिचे दिवे ब्यूरिगने गाडीला बसवले. उघडण्यासाठी मोटर वगैरे काही नव्हतं. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन छोटे हँडल होते. ड्रायव्हरने आधी एक फिरवायचा, मग हात लांब करून दुसरा फिरवायचा. विहिरीवरच्या रहाटासारखा हा प्रकार होता, पण गाडी इतकी देखणी होती की लोक तो सहन करत. कंपनी मात्र टिकली नाही. १९३७मध्ये उत्पादन थांबलं. पुढे १९५१मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मोटारींचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा निवडलेल्या आठ गाड्यांत कॉर्ड होती.

१९३८मध्ये जनरल मोटर्सच्या हार्ली अर्लने ब्यूइक वाय-जॉब ही नमुन्याची गाडी बनवली. तिचे दिवे विजेवर उघडत, पण ती विक्रीसाठी नव्हती. मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या गाडीत हे दिवे आणले क्रायसलर समूहाच्या डिसोटोने, १९४२च्या मॉडेलमध्ये. दिव्यांवर झडपा होत्या, दांडा ओढला की त्या उघडत. मुहूर्त मात्र वाईट होता. अमेरिका युद्धात उतरली आणि फेब्रुवारी १९४२मध्ये तिथे खासगी गाड्यांचं उत्पादनच बंद झालं. युद्ध संपल्यावर १९४६ची डिसोटो आली ती उघड्या दिव्यांची.

इथे मुंबई येते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना भारतात मोटारी बनवायच्या होत्या. फोर्डशी बोलणी फिसकटली, तेव्हा त्यांनी क्रायसलरशी जमवलं. गंमत अशी की विमान आणि मोटार ही जोडी त्यांच्याही डोक्यात होती. १९४०मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली ती त्यांच्याच धडपडीतून. मोटारीच्या कारखान्याला मात्र इंग्रज सरकारने युद्धकाळात हात दिला नाही. १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ, डिसोटो, फार्गो या नावांची वाहनं बाहेर पडू लागली. तोवर डिसोटोच्या झडपा इतिहासजमा झाल्या होत्या. त्यामुळे कुर्ल्याच्या कामगाराला त्या कधी बसवाव्या लागल्या नाहीत. शिवडीला जनरल मोटर्सची जोडणी तर १९२८पासूनच चालू होती. म्हणजे अमेरिकन गाडी पेटीतून काढून उभी करणारे हात मुंबईत बाप-बेट्याच्या दोन पिढ्यांचे होते.

त्याच युद्धाच्या वर्षांत मुंबईनेही दिवे झाकले, पण शौक म्हणून नाही. ब्लॅकआउटचा हुकूम होता. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत पुन्हा तेच झालं. खिडक्यांना काळे कागद लागले आणि हेडलाइटच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला गेला. अमेरिकेत दिवा लपवणं ही ऐट होती, आपल्याकडे तो जीव वाचवण्याचा उपाय होता.

आता मूळ प्रश्न. अमेरिकनांना दिवे लपवायची एवढी हौस का होती? उत्तर सौंदर्याइतकंच कायद्यातही आहे. १९४०पासून तिथे 'सील्ड बीम' दिवा आला. काच, आरसा आणि तार एकाच बंद भांड्यात, व्यास सात इंच, सगळ्या गाड्यांना सारखा. फायदा मोठा होता. आरसा गंजत नव्हता, उजेड कमी होत नव्हता आणि दिवा गेला तर कुठल्याही गावात तोच मिळत होता. पण आरेखकाची पंचाईत झाली. कॅडिलॅक असो की स्वस्तातली शेवरलेट, डोळे त्याच गोल काचेचे. १९५०च्या दशकाच्या शेवटी दोनाऐवजी चार लहान दिव्यांची मुभा मिळाली, पण आकार ठरलेलाच राहिला. वेगळा चेहरा हवा तर एकच वाट उरली, दिवा झाकून टाका.

म्हणून १९६०च्या दशकात या शौकाला उधाण आलं. १९६३च्या कॉर्व्हेट स्टिंग रेमध्ये दिव्यांचा अख्खा भाग विजेच्या मोटरवर गरकन फिरत असे. १९६६मध्ये डॉज चार्जर आणि ओल्ड्समोबिल टोरोनाडो आल्या, १९६७मध्ये मर्क्युरी कूगर आणि फोर्ड थंडरबर्ड, १९६८मध्ये लिंकन काँटिनेंटल मार्क थ्री. समोरून पाहिलं तर नुसती जाळी, दिवा कुठेच नाही.

यातल्या बऱ्याच गाड्यांत झडप उघडायचं काम वीज नव्हे, तर हवा करत होती. इंजिन चालू असलं की ते हवा आत ओढतं आणि त्याच्या तोंडाशी हवेचा दाब कमी होतो. त्या ओढीला रबरी नळी जोडायची. नळीच्या दुसऱ्या टोकाला एक डबी, डबीत रबराचा पडदा. ओढ लागली की पडदा सरकतो, त्याला जोडलेला दांडा हलतो आणि झडप हलते. इंजिन बंद असतानाही दिवे चालावेत म्हणून मध्ये एक टाकी आणि उलटी हवा रोखणारा एकमार्गी व्हॉल्व्ह. बस एवढंच. साधं, स्वस्त आणि हुशार.

पण रबर ते रबर. चार-पाच उन्हाळे गेले की नळीला भेगा पडत, पडदा विरत असे. मग एक झडप उघडी, दुसरी बंद. अख्खी गाडी डोळा मारल्यासारखी दिसे. दिसायला विनोदी, पण रात्रीच्या हमरस्त्यावर ही जिवाशी गाठ होती. शेवटी अमेरिकन सरकारने खास नियम केला, जो १९६९पासून लागू झाला. झडपेची यंत्रणा बिघडली तरी उघडलेले दिवे उघडेच राहिले पाहिजेत आणि बंद झालेले कुठल्याही हत्याराशिवाय उघडता आले पाहिजेत.

आता विचार करा, हा बिघाड नेमका काय आहे? रबरी नळीला पडलेलं बारीक भोक. म्हणजे पंक्चर!

'पंक्चरवाला' हा शब्द गेली काही वर्षं मुसलमानांसाठी शिवीसारखा वापरला जातो. कुणी मुस्लीम तरुण काही लिहू-बोलू लागला की खाली प्रतिक्रिया येते, तू जाऊन पंक्चर काढ. यावर आपल्यातले बरेच जण उत्तर देतात ते डॉक्टर, शास्त्रज्ञ, राष्ट्रपती यांची यादी वाचून. यादी खरीच आहे. पण ते उत्तर मला अपुरं वाटतं, कारण त्यात पंक्चर काढणं हे हलकं काम आहे हे आपणही मान्य करून बसतो.

हे काम हलकं नाही. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडे भोक दाखवतात. इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या नळीत ही सोय नाही, कारण तिथे हवा बाहेर येत नाही, आत जाते. बुडबुडा येणार कुठून? तिथे कान लावावा लागतो. नळी एकेका ठिकाणी चिमटीत दाबून इंजिनाचा आवाज कधी बदलतो ते ऐकावं लागतं. कोणत्या जोडापर्यंत ओढ शाबूत आहे आणि कुठून पुढे ती मरते हे ठरवावं लागतं. एकेक शक्यता बाद करत कारणापर्यंत पोचणं यालाच प्रयोगशाळेत शास्त्रीय पद्धत म्हणतात. गॅरेजमध्ये तिला फक्त 'अंदाज' म्हणतात, एवढाच फरक.

झडपवाल्या गाड्या मुंबईत फारशा दिसणं शक्यच नव्हतं. १९५३मध्ये सरकारने ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्यांना थारा नाही, इथेच भाग बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४मध्ये जोडणी बंद करून निघून गेल्या. प्रीमियर राहिली आणि फियाटकडे वळली. परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधनं आली. पण हवेच्या ओढीवर चालणारी यंत्रणा मुंबईच्या मिस्त्रीला नवी नव्हती. जुन्या शेवरलेट आणि फोर्ड गाड्यांचे वायपर याच ओढीवर चालत. पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होई आणि ऐन मुसळधार पावसात वायपर मरगळत. घाट उतरताना तेच वायपर सपासप फिरत. हे का होतं ते पुस्तक न वाचलेल्या मिस्त्रीलाही ठाऊक होतं.

कंपन्या गेल्या, गाड्या राहिल्या. सुटे भाग येणं बंद झालं. तरी डॉज आणि प्लायमाउथ पुढे कित्येक वर्षं रस्त्यावर धावत राहिल्या. कुणामुळे? लेथवर भाग कापून घेणारे, एका गाडीचा पंप दुसरीला बसवणारे, रबराचा पडदा जुन्या ट्यूबमधून कातरणारे कारागीर होते म्हणून. त्यांत सगळ्या जाती-धर्मांचे लोक होते आणि मुसलमान मोठ्या संख्येने होते. कोकणातले, मराठवाड्यातले, उत्तरेकडून आलेले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात आजही फिरून पाहा. तिथे उस्ताद आणि शागीर्द हे शब्द अजून जिवंत आहेत. दहा-बारा वर्षांचं पोर पाने उचलून द्यायला लागायचं आणि विशीत इंजिन खोलायचं. या शिक्षणाला प्रमाणपत्र नव्हतं, पगार तुटपुंजा होता आणि पोरांची शाळा सुटत होती. त्याचा गौरव करताना ही किंमत विसरू नये. मुलं शिकली पाहिजेत यात दुमत नाही. पण ज्याने हाताने शिकून घर चालवलं त्याचं ज्ञान हे ज्ञानच नव्हतं, हे मात्र मान्य नाही.

यंत्राचा आदर ही आपल्या परंपरेत नवी गोष्ट नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी युक्तीच्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला. त्यात सुमारे शंभर यंत्रांची वर्णनं आहेत. हवा आणि पाण्याच्या दाबावरची, झडपांची. त्यांत आपली वात आपणच पुढे सरकवणारा दिवा आहे आणि वाऱ्यात न विझणारा दिवाही आहे. 'मोटारीचे दिवे आम्हीच शोधले' असला पोकळ दावा यावरून करायचा नाही. मुद्दा वेगळा आहे. त्या भावांची नावं हजार वर्षांनंतरही आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांनी लिहून ठेवलं. ब्यूरिगचं नाव माहीत आहे, कारण अमेरिकेत कागद जपले गेले. कुर्ल्याच्या मिस्त्रीचं नाव माहीत नाही, कारण ते कुणी लिहिलंच नाही.

झाकलेल्या दिव्यांचा शेवटही कायद्यानेच झाला. १९८३मध्ये अमेरिकेने ठरीव आकाराची सक्ती सैल केली, बदलता येणाऱ्या बल्बचे हव्या त्या आकाराचे दिवे चालू लागले. १९८४ची लिंकन मार्क सेव्हन ही तशी पहिली अमेरिकन गाडी. दिव्यालाच सुंदर आकार देता येऊ लागल्यावर तो लपवायचा कशाला? पादचाऱ्याला धडक बसल्यास वर आलेला दिवा जास्त इजा करतो, हेही कारण पुढे आलं. २००४च्या कॉर्व्हेटबरोबर हा प्रकार संपला.

आता ऐरोलीहून मुलुंडच्या पुलावर रात्री गाडी घातली की समोरून एलईडीचा पांढरा झोत थेट डोळ्यांत येतो. दिवा झाकायची गंमत गेली, निदान खाली करायची रीत तरी राहावी. आणि हे नवे दिवे बिघडले तर उघडताच येत नाहीत, अख्खा संच बदलावा लागतो. दुरुस्तीची जागाच कमी होत चालली आहे. मुंबईत प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा तिच्या इंजिनाची नस ओळखणारी एक पिढीही कामाबाहेर गेली.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, मोहल्ल्यात, गावात असा कुणी मिस्त्री असेल तर त्याच्याजवळ तासभर बसा. त्याचं पूर्ण नाव, त्याच्या उस्तादाचं नाव, गॅरेज कुठे होतं, कोणत्या गाड्या हाताखालून गेल्या, कोणत्या भागाला तो काय म्हणतो, हे वहीत लिहा किंवा मोबाइलवर त्याचा आवाज साठवा. मराठीत, उर्दूत, कोकणीत, तो बोलेल त्या भाषेत. आणि पुढच्या वेळी कुणी 'पंक्चरवाला' म्हणून हिणवलं, तर राष्ट्रपतींचं नाव सांगण्याआधी त्या उस्तादाचं नाव सांगा.