पडद्यावरचे मराठे आणि आमच्या गावाची वेस

हिंदी सिनेमातले मराठे फार उड्या मारतात. 'तान्हाजी' (२०२०) मध्ये दोराला लटकून मारतात, 'छावा' (२०२५) मध्ये थेट सिंहाच्या अंगावर. 'बाजीराव मस्तानी' (२०१५) च्या शेवटाला तर बाजीराव एकटाच नदी ओलांडून अख्ख्या फौजेवर धावून जातो. 'पानिपत' (२०१९) मध्ये त्यामानाने उड्या कमी होत्या आणि तो चाललाही नाही. हा योगायोग नसावा :)

मला या सिनेमांचा राग वगैरे नाही हे आधीच सांगतो. चारही थेटरात पाहिलेत, पैसे देऊन. 'छावा' तर दोनदा. अक्षय खन्नाचा औरंगजेब मला आवडला. कमी बोलणारा, थकलेला, पण डोळ्यांत जहर. विकी कौशलने जीव ओतलाय यातही वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या सिनेमांतल्या बऱ्याचशा गोष्टी माझ्या जिल्ह्याच्या आसपास घडल्यात, आणि नेमक्या त्याच पडद्यावर येत नाहीत.

पालखेडचंच बघा. वैजापूर तालुक्यातलं गाव, आमच्याकडून तासा-दीड तासाच्या अंतरावर. २८ फेब्रुवारी १७२८ ला इथे पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडलं. निजाम होता पुण्यावर. बाजीराव पुणं वाचवायला गेलाच नाही! तो जालना, सिंदखेडकडून फिरला, खानदेशातून गुजरातपर्यंत गेला आणि परत येऊन औरंगाबादवर चालून जाण्याची हूल दिली. आता राजधानीच जाते म्हटल्यावर निजामाला पुणं सोडून धावत यावं लागलं. घाईत गोदावरी ओलांडली, जड तोफखाना मागे राहिला, आणि पालखेडजवळ मराठ्यांनी त्याचं पाणी आणि रसद तोडली. संपला खेळ. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी, त्यानेही युद्धकलेवरच्या पुस्तकात या मोहिमेची वाखाणणी केलीय.

आणि 'बाजीराव मस्तानी'त? निजाम आहे, पालखेड नाही. 'पिंगा' आहे, 'मल्हारी' आहे, आरसेमहाल आहे. मला वाटतं भन्साळींनाही फार दोष देता येणार नाही. पालखेडला दाखवायचं काय? तलवारीला तलवार भिडलीच नाही फारशी. हजारो घोडी पाचेक महिने चालताहेत आणि शेवटी समोरच्याला तहान लागते. प्रोड्यूसर म्हणेल, हीरो कुठाय यात? गनिमी कावा म्हणजे मुळातच समोरासमोरची मारामारी टाळायची कला, आणि हिंदी सिनेमाला शेवटच्या रिळात समोरासमोरची मारामारी लागतेच. म्हणून मग उड्या.

तसं बघायला गेलं तर कल्पनेची फोडणी काही मुंबईच्या पटकथाकारांनी शोधलेली नाही. तानाजीची घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. शाहिराने घोरपड दिली, सिनेमावाल्यांनी 'नागीण' नावाची अवाढव्य तोफ दिली. फरक इतकाच की पोवाडा ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की समोर शाहीर डफ वाजवतोय. सिनेमात सुरुवातीला दोन सेकंद बारीक अक्षरात काहीतरी येतं, ते वाचेपर्यंत पॉपकॉर्नवाला आडवा येतो.

आता 'छावा'कडे येतो, कारण खरं बोलायचंय ते त्याच्याचबद्दल.

संभाजी महाराज २३ व्या वर्षी गादीवर आले आणि ३१ व्या वर्षी गेले. (२३ व्या वर्षी मी कॅम्पसमधून ऑफर लेटर येतं का याची वाट बघत होतो.) मधली नऊ वर्षं म्हणजे काय होतं? जानेवारी १६८१ मध्ये बुऱ्हाणपूरची लूट, जी सिनेमात आहे. त्याच वर्षी औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आश्रयाला आला. १६८२ मध्ये जंजिऱ्याला वेढा. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फोंड्यावर चालून आला, तर त्याला पिटाळून महाराज थेट गोव्याच्या दारात गेले, जुवे बेट घेतलं, बारदेशात शिरले. घरात सोयराबाईंच्या बाजूचा कट. त्याच्याही आधी, १६७८ मध्ये, ते वडिलांना सोडून दिलेरखानाकडे गेले होते आणि वर्षभराने परत आले. हे शेवटचं प्रकरण किती अवघड, किती माणसाचं आहे! कुठल्याही चांगल्या दिग्दर्शकाने यावर तुटून पडायला हवं. 'छावा'ने ते टाळलं. जंजिरा नाही, गोवा नाही. मिळतं काय, तर लढाई, लढाई, लढाई आणि मग छळ.

तो छळ खोटा नाही. फेब्रुवारी १६८९ च्या सुरुवातीला संगमेश्वरला मुकर्रबखानाने पकडलं आणि ११ मार्चला क्रूरपणे मारलं, हे मोगल बाजूच्या साधनांतही आहे. पण नऊ वर्षं राज्य केलेल्या राजाची आठवण त्याच्या शेवटच्या चाळीस दिवसांवरच उभी करायची, हे मला खटकतं. गंमत म्हणजे (गंमत नाहीच खरं तर) आधी याच माणसाची आठवण अगदी उलट्या बाजूने विस्कटली होती. गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास'मध्ये तो विलासी, भालजींच्या १९४१ च्या 'थोरातांची कमळा'मध्ये प्रेमवीर. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र आलं, नंतर कमल गोखले यांचं, तेव्हा कुठे कागदपत्रांतला राजा लोकांना दिसायला लागला. 'बुधभूषण' लिहिणारा, वकील पाठवणारा, चार आघाड्या एकाच वेळी सांभाळणारा. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी १९७९ ची, ती या सगळ्यानंतरची आहे. सिनेमा तिच्यावरून घेतलाय, पण कादंबरीत जो गोंधळलेला, दुखावलेला तरुण आहे तो थेटरपर्यंत पोचलाच नाही.

वाद झाला तो मात्र लेझीमवर! ट्रेलरमध्ये महाराज लेझीम खेळताना दिसले, गदारोळ झाला, लक्ष्मण उतेकरांनी तो प्रसंग काढला. नंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजींच्या चित्रणावर आक्षेप घेतला, ते निदान इतिहासाबद्दल तरी होतं. फोंडा कुठे गेला, हे कोणी विचारल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

आता आमच्या गावाबद्दल. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं. मी ज्या काळाची गोष्ट त्या काळचं नाव वापरतो, कृपया त्यावरून भांडू नये. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेली खडकी, मग फतेहनगर, मग १६५३ पासून औरंगाबाद. औरंगजेब मार्च १६८२ मध्ये इथे आला तो सगळी बादशाही बरोबर घेऊन. आणि आल्यावर त्याने काय केलं? शहराला तटबंदी बांधायला लावली. कारण मराठ्यांच्या धाडी. बुऱ्हाणपूरचं काय झालं ते त्याला माहीत होतं.

म्हणजे बघा, आज दिल्ली दरवाजातून, पैठण दरवाजातून आपण गाडी काढतो, सिग्नलला शिव्या देतो, ती वेस संभाजी महाराजांच्या भीतीने बांधलेली आहे. काबूलपासून दख्खनपर्यंत राज्य असलेल्या माणसाला स्वतःच्या नावाच्या शहराभोवती भिंत घालावी लागली! पंचविशीतल्या राजाचा धाक याहून वेगळा कसा दाखवणार? सिंह लागत नाही त्याला. एक शॉट पुरला असता, गवंडी काम करताहेत आणि म्हातारा बादशहा बघतोय. अक्षय खन्नाने तो एका डोळ्यात केला असता.

सिनेमाचा परिणाम मात्र जबरदस्त झाला. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणायला लागले, मोगलांचं सोनं सापडेल म्हणून. हे वाचून मी हसलो. १७ मार्चला खुलताबादच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली, एकाचा जीव गेला, ते वाचून नाही हसलो. सिनेमामुळे भावना पेटल्या असं मुख्यमंत्री फडणवीसांनीही विधानसभेत म्हटलं. इथे खुलताबादला बंदोबस्त वाढला, कबरीशेजारी पत्रे लागले. तिथे जे गेलेत त्यांना माहीत असेल, उघड्यावरची साधी मातीची कबर आहे, संगमरवरी जाळी नंतर कर्झनच्या काळात लागली. सत्तावीस वर्षं मराठ्यांशी भांडून दिल्लीला परत न जाता आलेल्या माणसाची.

आणि एक. संभाजी महाराजांचा मुलगा शाहू मोगलांच्या कैदेत वाढला, १७०७ मध्ये सुटला, आणि याच कबरीला पायी जाऊन आल्याचं इतिहासकार सांगतात. का गेला असेल? राजकारण, रीत, की सतरा वर्षांच्या सहवासातून आलेलं काही? बापाला मारणाऱ्याची कबर आहे ती. मला याचं उत्तर सिनेमात बघायला आवडेल, पण असा सिनेमा आज कोण काढेल आणि काढला तर कुठल्या थेटरात लागेल, देव जाणे.

त्यापेक्षा सोपा विषय सुचवतो. नाशिकजवळचा रामसेज. छोटासा किल्ला, १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला, शेवटी हाती आला १६८७ मध्ये, तोही फितुरीने म्हणतात. गडावर धड तोफा नव्हत्या, तर मराठ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यात चामडं भरून डागल्या, असं मोगलांचाच खाफीखान लिहितो. एकच लोकेशन, हत्ती नकोत, महाल नकोत, बजेट निम्मं. आणि वेढा घालायला आलेला पहिला सरदार शहाबुद्दीनखान, म्हणजे पुढे पालखेडला तहानेने हैराण झालेल्या निजामाचा सख्खा बाप. सीक्वेलची सोयसुद्धा झाली!