बाळगोळीची झोप

मुलाला ठरल्या वेळी निजण्याची सवय लावावी, असा उपदेश जाणती माणसे आईला करतात. उपदेश खराच आहे. परंतु सवय लावायला आई घरी असावी लागते, हे मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आम्हांला सांगतो.

१८९१ च्या कायद्याने गिरणीतील बायकांच्या कामाला मर्यादा घातली, तीही अकरा तासांची! मग तान्ह्याला सांभाळणार कोण? चाळीतली एखादी म्हातारी, नाहीतर अफूची बाळगोळी. गोळी दिली की मूल निपचित पडे. पण ती झोप नव्हे, गुंगी होती. भूक मरे, अंग वाळे, आणि मात्रा चढली तर श्वासच थांबे. व्हिटले आयोगाच्या १९३१ च्या अहवालानेही या अफूची दखल घेतली.

यात दोष आईचा म्हणावा काय? १८८१ च्या कायद्याने तर सात वर्षांचे पोरही नऊ तास राबवण्याची मुभा दिली होती! पुढे कामगार झगडले. १९३४ त दहा तास झाले, १९४६ त नऊ. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची तरतूद केली.

म्हणून आम्ही म्हणतो, अंगाई हवी, दिवा मालवलेला हवा, निजण्याची वेळही एकच हवी. पण तिन्ही गोष्टींसाठी आईबाप दिवेलागणीला घरी हवेत. कामाच्या तासांचा लढा हा पाळण्यातल्या झोपेचाही लढा आहे, हे विसरून चालणार नाही.