धुक्यातून धरणीकडे

आकाशात चढणे हे साहस खरे. पण विमानविद्येची कसोटी लागते ती उतरताना. धुके दाटले की अखेरच्या काही शे फुटांत वैमानिकाचे डोळे निरुपयोगी ठरतात. मग विश्वास ठेवावा कशावर?

२४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत, लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड येथे, जेम्स डूलिटल याने या प्रश्नाचे उत्तर स्वतः उडून दिले. त्याची बैठक छपराने पुरती झाकली होती. पुढे बसलेला बेन केल्सी केवळ प्रसंगी विमान सावरण्यासाठी होता. जमिनीवरून दोन निरनिराळ्या कंपनसंख्यांचे रेडिओ-संकेत येत. विमानातील पोलादाच्या दोन पट्ट्या, आपल्या पेटीतील पट्ट्यांसारख्या, आपापल्या सुराला थरथरत. दोन्ही सारख्या थरथरल्या की मार्ग बरोबर. एक अधिक थरथरली की विमान त्या बाजूस ढळले. सुमारे पंधरा मिनिटांनी डूलिटल सुखरूप उतरला.

पुढे पट्ट्यांच्या जागी विजेचा काटा आला. सेकंदाला ९० आणि १५० कंपनांच्या दोन संकेतांची तो तुलना करी. तत्त्व तेच, पण अडचण निराळीच निघाली. रेडिओलहरी इमारतींवर आदळून परततात, आणि विमान सरळ असूनही काटा डोलतो. काटा संथ करावा, तर खरी चूकही उशिरा कळते! जमिनीजवळ असा उशीर म्हणजे प्राणाशी गाठ.

ब्रिटनमध्ये १९४५ साली स्थापन झालेल्या अंध-अवतरण प्रयोगपथकाने हा गुंता हजारो उड्डाणांनी सोडवीत नेला. दिशेसाठी त्यांनी प्रथम जमिनीत तारा पुरून त्यांच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतला. पुढे रेडिओ-संकेतच सुधारल्यावर तारांची गरज उरली नाही. अट मात्र कडक होती: एक कोटी अवतरणांत एकाहून अधिक प्राणघातक अपघात नको. एक कोटी उड्डाणे करून पाहणार कोण? म्हणून प्रत्येक उतरणीतील लहानसहान चूक मोजून संभाव्यतेचे गणित मांडले गेले. ट्रायडंट विमानात तीन यंत्रणा शेजारी शेजारी चालत. एकीचे दोघींशी जमेना, तर ती बाजूला पडे.

१० जून १९६५ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर प्रवासी घेऊन आलेल्या ट्रायडंटची चाके यंत्राच्या हातांनी जमिनीला टेकली. प्रवाशांनी त्या दिवशी ठेवला तो विश्वास आंधळा नव्हता. वीस वर्षे मोजून, तपासून तो कमावलेला होता.